हा प्रोग्रॅम चालू द्यायचा की नाही, हे ठरवतं कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांचे संगणक सांभाळताना एक तक्रार मी वेगवेगळ्या शब्दांत कायम ऐकत आलो आहे: ‘संगणक माझा, प्रोग्रॅम मीच उतरवून घेतलेला, मग मला अडवणारा हा कोण?’ प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की अडवणारे बरेच आहेत, आणि प्रत्येकजण वेगळ्या जागी, वेगळ्या कारणासाठी अडवतो. कोण कशासाठी अडवतो हे कळलं, तर समोर आलेल्या सूचनेवर डोळे मिटून ‘हो’ म्हणायची वेळ येत नाही. त्यासाठीच हे पान लिहिलं आहे.

फाइलवर डबल-क्लिक केल्यावर ती नेमकी कुठे अडवली जाते?

डिस्कवर पडून असलेली फाइल ही नुसती माहिती असते. छायाचित्र, पत्र, प्रोग्रॅम, सगळं तिथे सारखंच. फरक पडतो तो ‘हे चालव’ असं कोणीतरी सांगतं तेव्हा. ही मागणी शेवटी कर्नलपाशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापाशी पोहोचते. लिनक्समध्ये त्यासाठी ‘एक्झेक-व्हीई’ नावाचा सिस्टीम कॉल असतो, विंडोजमध्ये ‘क्रिएट-प्रोसेस’ हे फंक्शन. कर्नल फाइल उघडतो आणि तिचे पहिले काही बाइट वाचून ती कोणत्या प्रकारची आहे ते पाहतो. विंडोजच्या ईएक्सई फाइलची सुरुवात ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी होते. ती डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, काम करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं आहेत आणि आजच्या नव्याकोऱ्या प्रोग्रॅमच्या माथ्यावरही ती तशीच असतात. त्यानंतर कर्नल परवानग्या बघतो, आणि सगळं जुळलं तरच फाइलमधला मजकूर मेमरीत ‘चालवण्याजोगा’ म्हणून मांडतो.

या जागी केलेली तपासणी सगळ्यात पक्की, कारण कर्नलला टाळून नवी प्रोसेस सुरू होत नाही. पण तुम्हाला पडद्यावर दिसणारी मोठी निळी किंवा पांढरी सूचना बहुतेक वेळा इथली नसते. ती याच्या आधी, फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे विंडोजवर फाइल एक्स्प्लोरर किंवा मॅकवर फाइंडर यांच्या, पातळीवर येते. म्हणून तोच प्रोग्रॅम कमांड लाइनवरून सुरू केला तर कधीकधी सूचना दिसतच नाही, आणि लोक गोंधळतात. संगणकाचं मत बदललेलं नसतं, तुम्ही फक्त वेगळ्या वाटेने आत आलेले असता.

प्रोग्रॅम चांगला की वाईट हे संगणक स्वतःच का ओळखत नाही?

कारण ते ओळखता येत नाही. आजचे संगणक कमी पडतात असं नव्हे. हे गणितानेच अशक्य आहे. कोणताही प्रोग्रॅम दिला तर तो कधी थांबेल की अखंड चालत राहील हे अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवलं. फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली संगणकीय व्हायरसवर निबंध मांडला, तेव्हा तोच धागा पुढे नेला: हा प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही, हे दर वेळी बिनचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येणार नाही.

शिवाय ‘वाईट’ म्हणजे काय, हाही प्रश्न उरतोच. डिस्कवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः सुरू केला तर तो एन्क्रिप्शनचं साधन असतो. दुसऱ्याने तुमच्या नकळत, खंडणीसाठी सुरू केला तर तेच रॅन्समवेअर. आतल्या आज्ञा जवळपास त्याच असतात, फक्त इच्छा कोणाची ते वेगळं असतं, आणि ती फाइलमध्ये लिहिलेली नसते.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम हेतू विचारतच नाही. हा प्रोग्रॅम कोणाकडून आला, वाटेत त्यात बदल झाला का, आणि तो चालवायला अधिकार असलेल्या कोणी होकार दिला आहे का, एवढंच ती विचारते. या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरं इथूनच निघतात. संगणक ओळख तपासतो. भरवसा ठेवायचा की नाही, हे कोणा माणसाने किंवा कंपनीने आधी ठरवून ठेवलेलं असतं.

मग ओळख पटवतात कशावरून?

तीन रीती आहेत: फाइल कुठे ठेवली आहे, तिचा हॅश काय आहे, आणि तिच्यावर सही कोणाची आहे.

जागेवरून ओळखणं सगळ्यात सोपं. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि ‘विंडोज’ या फोल्डरांतलं सगळं चालेल, बाकी काही चालणार नाही, असा नियम करता येतो. तो टिकतो, कारण साध्या वापरकर्त्याला त्या फोल्डरांत काही लिहिता येत नाही. पण नियम लिहिणाऱ्यांची एक चूक मी वारंवार पाहिली आहे. ‘विंडोज’ फोल्डरच्या पोटात ‘टेम्प’सारखे काही उपफोल्डर असे आहेत, जिथे साध्या वापरकर्त्यालाही फाइल टाकता येते. ते वेगळे काढून बंद केले नाहीत तर नियम कागदावरच राहतो. जागेवर आधारलेला नियम करताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: इथे लिहिण्याची मुभा कोणाकोणाला आहे?

हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या. एसएचए-२५६ या पद्धतीत ती २५६ बिटांची असते आणि सोळा-आधारी अंकांत लिहिली तर ६४ चिन्हं होतात. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. हॅशएवढी नेमकी ओळख दुसरी नाही, आणि तोच तिचा त्रासही आहे. ब्राउझर काही आठवड्यांनी अद्ययावत होतो, त्याबरोबर हॅश बदलतो आणि यादी जुनी होते. कधी न बदलणाऱ्या एखाद्या जुन्या साधनासाठी हॅश उत्तम. रोज बदलणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी हॅशची यादी ठेवायची म्हणजे कोणीतरी दिवसभर तेवढंच करत बसायचं.

डिजिटल सही या दोन्हींच्या मधली. प्रोग्रॅम बनवणारा फाइलचा हॅश काढतो आणि तो आपल्या गुप्त किल्लीने सही करून फाइलला जोडतो. किल्ली कोणाची, हे सांगणारं प्रमाणपत्र त्याच्यासोबत असतं आणि त्या प्रमाणपत्रावर आणखी वरच्या संस्थेची सही असते. ही साखळी शेवटी एका मूळ प्रमाणपत्रापाशी थांबते, जे तुमच्या संगणकात आधीपासून विश्वासू म्हणून नोंदलेलं असतं. मायक्रोसॉफ्टने ‘ऑथेंटिकोड’ या नावाने ही पद्धत १९९६ साली आणली. सहीमुळे नियम असा करता येतो: ‘अमुक कंपनीची सही असलेलं सगळं चालेल, नवी आवृत्ती आली तरीही.’

सहीबरोबर बहुधा वेळेचा शिक्काही लावलेला असतो. तो विसरू नये. प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही ‘सही केली तेव्हा प्रमाणपत्र वैध होतं’ हे त्या शिक्क्यावरूनच सिद्ध होतं. शिक्का नसेल तर कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम मुदत संपताच अनोळखी ठरतो.

‘अनोळखी प्रकाशक’ म्हणजे व्हायरस आहे का?

नाही. फाइलवर सही नाही, किंवा असलेल्या सहीची साखळी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकट्याने, फावल्या वेळात उत्तम साधनं लिहून फुकट देणारी कितीतरी माणसं सहीच्या प्रमाणपत्राचा खर्च करत नाहीत. उलट, वैध सही असलेले घातकी प्रोग्रॅमही सापडले आहेत.

फाइल इंटरनेटवरून आली हे संगणकाला कसं कळतं?

ब्राउझर सांगतो. विंडोजवर फाइल उतरवून घेतली की ब्राउझर तिच्यासोबत ‘झोन-आयडेंटिफायर’ नावाची छोटीशी नोंद चिकटवतो. एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये फाइलच्या मुख्य मजकुरामागे असे जास्तीचे कप्पे ठेवता येतात, तिथे ही नोंद बसते. तीत झोन ३ लिहिलं असेल तर फाइल इंटरनेटवरून आली असं समजायचं. मॅकवर हेच काम ‘क्वारंटाइन’ नावाचा गुणधर्म करतो. तो २००७ साली लेपर्ड या आवृत्तीबरोबर आला.

ही नोंद फाइलच्या आत नसून फाइलला चिकटलेली असते. म्हणून ती गळूनही पडते. एफएटी ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकली की विंडोजची नोंद संपली, कारण तिथे तसे कप्पेच नाहीत. झिप उघडणारी काही साधनं नोंद आतल्या फाइलींना पुढे देतात, काही देत नाहीत. हल्लेखोरांनी हे बरोबर हेरलं. काही काळ ते आपला माल आयएसओ या डिस्कच्या प्रतिमेत घालून पाठवत, कारण प्रतिमेवर नोंद असली तरी आतल्या फाइलींवर ती उतरत नसे. मायक्रोसॉफ्टने ही फट नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवली.

तेव्हा सूचना आली नाही याचा अर्थ फाइल तपासली गेली असा घेऊ नका. कदाचित ती तपासायची वेळच आली नसेल.

अँटिव्हायरस आहे. मग या सगळ्याची गरज काय?

अँटिव्हायरस मुख्यतः बंदी यादीवर चालतो: जे वाईट म्हणून माहीत आहे ते अडवायचं, उरलेलं चालू द्यायचं. परवानगी यादी याच्या नेमकी उलट: जे माहीत आहे तेच चालू द्यायचं, उरलेलं सगळं अडवायचं. फरक पडतो तो आजच सकाळी जन्मलेल्या प्रोग्रॅमच्या बाबतीत. तो कोणीच पाहिलेला नसतो, म्हणून बंदी यादीत नसतो आणि सुटतो. परवानगी यादीतही तो नसतोच, पण तिथे नसणं हेच त्याला अडवायला पुरेसं होतं. आजचे अँटिव्हायरस प्रोग्रॅमच्या वागण्यावरूनही अंदाज बांधतात, पण अंदाज चुकतात.

ऑस्ट्रेलियाच्या सिग्नल्स डायरेक्टोरेटने संस्थांसाठी सांगितलेल्या ‘एसेन्शियल एट’ या आठ उपायांत प्रोग्रॅमांवरच्या अशा नियंत्रणाला जागा दिली आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१५ साली या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. माझंही मत तेच: मोजकीच कामं करणाऱ्या संगणकावर, म्हणजे तिकीट खिडकीवरच्या, कारखान्यातलं यंत्र चालवणाऱ्या किंवा दवाखान्यात तपासणीचे अहवाल दाखवणाऱ्या संगणकावर, परवानगी यादीइतका प्रभावी उपाय दुसरा नाही.

विंडोजमध्ये इतकी नावं का आहेत?

कारण प्रत्येक पिढीत नवं साधन आलं आणि जुनंही राहिलं. विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये ‘सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज’ आल्या. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये ‘ॲपलॉकर’ आला. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये जे आलं त्याचं नाव आधी ‘डिव्हाइस गार्ड’ होतं, मग ‘डिफेंडर ॲप्लिकेशन कंट्रोल’ झालं, आणि आता ते ‘ॲप कंट्रोल फॉर बिझनेस’ आहे. ॲपलॉकरचे नियम वेगवेगळ्या वापरकर्त्यांना वेगवेगळे लावता येतात. ॲप कंट्रोल संपूर्ण यंत्राला लागू होतो, कर्नलमध्ये शिरणाऱ्या ड्रायव्हरांनाही (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांनाही) सोडत नाही, आणि त्याचं धोरण सही करून बसवलं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही ते सहज काढता येत नाही. खरी कडक सीमा हवी असेल तर मी ॲप कंट्रोल निवडेन.

घरच्या वापरात भेटतो तो ‘स्मार्टस्क्रीन’. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग आहे. हीच फाइल किंवा याच प्रकाशकाचे प्रोग्रॅम आजवर पुष्कळ लोकांनी काही न बिघडता चालवले आहेत का, असा तो अनुभवाचा हिशोब मांडतो. म्हणून नव्या, प्रामाणिक प्रोग्रॅमलाही पहिले काही दिवस इशारा मिळतो. विंडोज ११ च्या २०२२ मधल्या आवृत्तीत ‘स्मार्ट ॲप कंट्रोल’ आला. तो जास्त कडक आहे: अनोळखी आणि बिनसहीचा प्रोग्रॅम तो थेट बंद करतो आणि एखाद्याच प्रोग्रॅमला सूट देण्याची सोय ठेवत नाही.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट म्हणजे हेच का?

नाही. विंडोज व्हिस्टापासूनची ती चौकट ‘चालू का?’ असं विचारत नाही. ‘जास्तीचे अधिकार देऊ का?’ असं विचारते. जास्तीचे अधिकार न मागणारा प्रोग्रॅम ही चौकट न दाखवताच चालतो, आणि तुमची सगळी कागदपत्रं वाचायला साधे अधिकार पुरतात.

मॅकवर ‘उघडता येत नाही’ असं का येतं?

त्यामागे ‘गेटकीपर’ असतो. तो २०१२ साली आला. क्वारंटाइनची नोंद असलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना त्यावर ॲपलकडे नोंदलेल्या विकासकाची सही आहे का, हे तो बघतो. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून सहीशिवाय ‘नोटरायझेशन’ही लागतं. विकासकाने प्रोग्रॅम आधी ॲपलकडे पाठवायचा, तिथे यंत्रं तो तपासतात आणि ठीक वाटल्यास पावती देतात. कोणी माणूस तो वाचून पाहतो असं समजू नका. ओळखीचा घातकी भाग त्यात नाही, एवढंच ती पावती सांगते. तिचा मोठा उपयोग नंतर होतो: प्रोग्रॅम घातकी निघाला तर ॲपल पावती रद्द करू शकतं.

पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की बिनसहीचा प्रोग्रॅम उघडता येत असे. २०२४ च्या सेकोइया आवृत्तीत ती पळवाट बंद झाली. आता सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात जाऊन परवानगी द्यावी लागते. मला हा बदल पटतो. एका क्लिकचं काम पाच क्लिकचं झालं की मधल्या वेळात माणूस विचार करतो.

एक घटना मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १२ नोव्हेंबर २०२० या दिवशी जगभरच्या अनेक मॅकवर प्रोग्रॅम उघडायला विलक्षण वेळ लागू लागला. विकासकाचं प्रमाणपत्र रद्द तर झालेलं नाही ना, हे मॅक ॲपलच्या सर्व्हरला विचारत होते आणि सर्व्हर उत्तर द्यायला उशीर करत होता. इंटरनेट तोडलं की सगळं सुरळीत चाले, कारण सर्व्हर सापडलाच नाही तर मॅक तपासणी सोडून पुढे जात असे. आपल्या टेबलावरच्या यंत्राने प्रोग्रॅम उघडणं दूरच्या सर्व्हरवर किती अवलंबून आहे, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

लिनक्सवर असं काही नसतं ना?

असतं. फक्त बऱ्याचदा ते चालू केलेलं नसतं. सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे फाइलवरची ‘एक्झिक्यूट’ परवानगी. उतरवून घेतलेल्या फाइलवर ती नसते, ती मुद्दाम द्यावी लागते. डिस्कचं संपूर्ण विभाजन (पार्टिशन) ‘नोएक्झेक’ म्हणून जोडलं तर त्यावरची फाइल थेट चालत नाही. एसई-लिनक्स आणि ॲप-आर्मर या सुरक्षा यंत्रणांचा भर आधीच सुरू असलेल्या प्रोग्रॅमला काय करता येईल यावर असतो: वेब सर्व्हरने आपल्या फोल्डरबाहेर डोकावू नये, असा नियम त्यांत करता येतो. एसई-लिनक्सची सुरुवात अमेरिकेच्या एनएसए या संस्थेत झाली आणि २००३ मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं. सही किंवा हॅश तपासूनच फाइल चालू द्यायची असेल तर कर्नलमधलं ‘आयएमए’ आहे. रेड हॅटच्या प्रणालींवर ‘एफए-पॉलिसी-डी’ नावाची परवानगी यादीची सेवाही मिळते.

सही असलेला प्रोग्रॅम सुरक्षित असतोच ना?

या गैरसमजाने फार नुकसान केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. किल्ली कोणाची वापरली गेली, एवढंच सही सांगते. ती वापरणारा हात कोणाचा होता, हे ती सांगत नाही.

२०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरांवर रियलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या वैध सह्या होत्या. किल्ल्या चोरीच्या होत्या. विंडोजच्या दृष्टीने सगळं नियमात बसत होतं. २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम या घातकी प्रोग्रॅमने तर किल्ली चोरलीही नाही. एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीतली कमजोरी वापरून त्याने मायक्रोसॉफ्टच्या साखळीत बसेल असं बनावट प्रमाणपत्र तयार केलं आणि विंडोज अपडेटचा मुखवटा घातला. २०१७ मध्ये संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनर या साधनाची ५.३३ ही आवृत्ती बनवणाऱ्यांच्याच घरात दूषित झाली. त्यानंतर तिच्यावर नेहमीच्या पद्धतीने खरीखुरी सही झाली आणि ती लाखो लोकांपर्यंत पोहोचली. सही बरोबर, कंपनी खरी, जागा अधिकृत, आणि तरीही आतला माल विषारी.

चौथी तऱ्हा आज जास्त दिसते. हल्लेखोर एखाद्या नामांकित कंपनीचा जुना, दोष असलेला पण सही असलेला ड्रायव्हर स्वतःच सोबत आणतो, तो बसवतो आणि त्याच्या दोषातून कर्नलमध्ये शिरतो. इथे ना चोरी झाली, ना बनावट. अशा ड्रायव्हरांची बंदी यादी मायक्रोसॉफ्ट ठेवतं आणि विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ती आपोआप लागू असते. म्हणजे परवानगी यादीलाही शेवटी बंदी यादीची जोड लागतेच. जून २०२३ पासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी सहीची किल्ली वेगळ्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम केला. त्याने किल्ली चोरणं अवघड झालं, पण सीक्लीनरसारखा प्रकार त्याने थांबत नाही.

स्क्रिप्ट आणि मॅक्रो यांचं काय?

स्क्रिप्ट म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचून पाळायच्या आज्ञांची फाइल, आणि मॅक्रो म्हणजे ऑफिसच्या कागदपत्रात दडलेल्या तशाच आज्ञा. या सगळ्या रचनेतली ही सर्वांत दुबळी जागा. पायथॉनची स्क्रिप्ट चालते तेव्हा कर्नलच्या लेखी चालतो तो पायथॉन, आणि तो तर परवानगी यादीत आहेच. स्क्रिप्ट ही त्याने उघडलेली एक साधी फाइल ठरते. ‘नोएक्झेक’ विभाजनावरची स्क्रिप्ट थेट चालत नाही, पण ‘शेल’ला, म्हणजे कमांड लाइनवरच्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमला, तिचं नाव देऊन सांगितलं तर शेल ती वाचतो आणि निमूट पाळतो. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाने पसरलेली फाइल अशीच व्हीबीएस, म्हणजे विंडोजच्या व्हिज्युअल बेसिकची, स्क्रिप्ट होती. नावाच्या मधोमध ‘टीएक्सटी’ होतं आणि शेवटचा ‘व्हीबीएस’ विंडोज दाखवत नसे, म्हणून लोकांना ते साधं पत्र वाटलं.

उपाय एकच: स्क्रिप्ट वाचणाऱ्यालाच नियम पाळायला लावायचा. विंडोजवर ॲप कंट्रोल लागू असेल तर पॉवरशेल हा विंडोजचा शेल आपणहून मर्यादित भाषेत उतरतो आणि परवानगी नसलेल्या स्क्रिप्टला थोड्याच गोष्टी करू देतो. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच बंद ठेवले. लिनक्सच्या कर्नलमध्येही २०२५ साली अशी सोय आली की भाषेचा दुभाषी, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ‘ही फाइल चालवण्याजोगी आहे का?’ असं कर्नललाच विचारू शकतो. दुभाष्यांनी ती वापरायला घेतली तर वर्षानुवर्षांची ही फट मिटायला लागेल, आणि मी त्याची मनापासून वाट पाहतो आहे.

फोनवर इतकं कडक आणि संगणकावर इतकं सैल, असं का?

संगणकावर आधी सगळं चालत होतं आणि बंधनं मागाहून आली. आयफोनवर २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हापासूनच सहीशिवाय काहीही चालणार नाही असं ठरलेलं होतं. आयओएस फाइल सुरू करतानाच तपासून थांबत नाही. प्रोग्रॅमचं एकेक पान मेमरीत येताना त्याचा हॅश सहीतल्या हॅशशी जुळतो का हेही कर्नल पाहतो.

अँड्रॉइडची सही वेगळ्या स्वभावाची आहे. तिथे प्रत्येक ॲपवर सही लागते, पण विकासक स्वतःच बनवलेली किल्ली वापरू शकतो, वर कोणती संस्था नसते. सही कोणाची यापेक्षा ‘मागच्या वेळी होती तीच आहे का’ याला महत्त्व. म्हणून तुमच्या बँकेच्या ॲपवर दुसऱ्याच कोणाची ‘नवी आवृत्ती’ बसत नाही. स्टोअरबाहेरून ॲप घ्यायचं तर २०१७ च्या ओरिओ आवृत्तीपासून ती परवानगी ब्राउझर, फाइल मॅनेजर अशा प्रत्येक मार्गाला वेगवेगळी द्यावी लागते. काम झालं की ती काढून घ्या. बहुतेक जण काढत नाहीत.

कार्यालयात परवानगी यादी लावायची आहे. सुरुवात कुठून करावी?

अडवण्यापासून करू नका. जवळपास प्रत्येक साधनात निरीक्षणाची अवस्था असते: प्रोग्रॅम चालतो, पण ‘नियम लागू असता तर हा अडला असता’ अशी नोंद होते. निदान एक पूर्ण महिना असंच राहू द्या. महिनाच का, तर पगाराचा हिशोब आणि महिन्याअखेरचे अहवाल महिन्यातून एकदाच चालतात, आणि ते करणारा प्रोग्रॅम हमखास कोणाच्या लक्षात नसतो. एका ठिकाणी मी दोन आठवड्यांत नियम लागू केले आणि महिनाअखेरीला हिशोबनीस हातावर हात धरून बसले. चूक माझी होती. तेव्हापासून मी घाई केलेली नाही.

नोंदी हातात आल्या की आधी सहीवर आधारलेले नियम करा. ज्यांच्यावर सही नाही त्यांच्यासाठी जागेचे नियम करा, आणि ज्यांची जागाही पक्की नाही अशा थोड्यांसाठी हॅश वापरा. सगळ्यांत जास्त विचार मात्र यंत्राचा करू नका, माणसांचा करा. एखाद्याचा प्रोग्रॅम अडला तर त्याने कोणाला सांगायचं आणि उत्तर किती वेळात मिळणार, हे आधी ठरवा. उत्तर तीन दिवसांनी मिळत असेल तर लोक स्वतःच्या लॅपटॉपवर काम करू लागतात आणि तुमची यादी निरर्थक होते.

यादी कोणाच्या हातात असावी?

संगणकाच्या मालकाच्या. हे माझं ठाम मत आहे. सुरुवातीची यादी संगणक किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने द्यावी, ती कडक असावी, आणि ज्यांना त्यात हात घालायचा नाही त्यांना घालावा लागू नये. पण मालकाला शेवटचा शब्द हवा, आणि तो वापरायची वाट अवघड असली तरी असायला हवी.

कारण ज्या यंत्रणेने घातकी प्रोग्रॅम अडतो तिच्याच जोरावर स्पर्धकाचा, किंवा सत्तेला नको असलेला, प्रोग्रॅमही अडवता येतो. तंत्र तेच राहतं, यादी बदलते. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायदा केल्यावर मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर इतर स्टोअरना वाट मिळाली. दुसरीकडे, गूगलने २०२५ साली जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर स्टोअरबाहेरच्या ॲपच्या विकासकांनाही आपली ओळख नोंदवावी लागेल. फसवणुकीची ॲप रोखण्याचं त्यामागचं कारण खरं आहे. नाव उघड करणं ज्यांच्या जिवावर बेतू शकतं अशा विकासकांची काळजीही तितकीच खरी आहे. दोन्ही बाजूंचं नुकसान डोळ्यांसमोर ठेवूनच या वादात बोलावं, असं मला वाटतं.

माझ्या खात्रीचा प्रोग्रॅम अडतो आहे. तपासणीच बंद करून टाकू का?

तपासणी बंद करू नका, त्या एका प्रोग्रॅमला सूट द्या. आधी तो बनवणाऱ्याच्या मूळ पानावरून पुन्हा उतरवून घ्या. तिथे हॅश दिला असेल तर आपल्या फाइलचा हॅश काढून ताडून पाहा. विंडोजच्या कमांड लाइनवर ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्सवर ‘शा-२५६-सम’ ही साधनं त्यासाठी असतातच. पहिली आणि शेवटची चार-चार चिन्हं बघून समाधान मानू नका, सगळी ६४ ताडा. हॅश जुळला तर विंडोजवर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करा, मॅकवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘ओपन एनीवे’ निवडा. जुळला नाही तर ती फाइल उघडू नका, आणि बनवणाऱ्याला कळवा. त्याच्या सर्व्हरवर काही गडबड झाली असेल तर ते त्याला बहुधा तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळेल.